वर्षं पळतात म्हणे!

डिसेंबर आला की एक वाक्य साथीसारखं पसरतं. कॅन्टीनमधे, लिफ्टमधे, सोसायटीच्या पार्किंगमधे, गावाकडून आलेल्या फोनवर, सगळीकडे तेच. "अरे, संपलं पण वर्ष? कसं गेलं कळलंच नाही!" समोरचा मान डोलावतो आणि म्हणतो, "हो ना यार. वय झालं आता, दुसरं काय!" बोलणारा चौतीस वर्षांचा असतो. मान डोलावणारा एकतीस.

माझं भांडण या दुसऱ्या वाक्याशी आहे. पहिलं खरंच आहे, वर्ष गेलेलं कळत नाही. पण "वय झालं" हे त्याचं कारण नाही. तो एक सोयीचा बहाणा आहे. वयाला जबाबदार धरलं की कुणालाच काही करायला नको. ना तुम्हाला, ना तुमच्या मॅनेजरला. वय काय, सगळ्यांचंच होतं!

आता "वय झालं" पार्टीकडे एक गणितही असतं. आपल्या जमातीला गणित दाखवलं की आपण पटकन गप्प बसतो, म्हणून आधी त्याचाच निकाल लावू. गणित असं: पाच वर्षांच्या पोराला एक वर्ष म्हणजे आख्ख्या आयुष्याचा पाचवा हिस्सा, वीस टक्के. चाळिशीतल्या माणसाला तेच वर्ष अडीच टक्के. म्हणून पोराला वर्ष मोठं वाटतं आणि काकांना छोटं. इति सिद्धम्. हे व्हॉट्सॅपवर फिरणारं ज्ञान तसं जुनं आहे. पॉल जाने नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञाने ते १८७७ साली मांडलं. विल्यम जेम्सने १८९० च्या आपल्या मानसशास्त्राच्या जाडजूड ग्रंथात त्याची दखल घेतली आणि तिथेच सांगितलं, की हे फार तर वर्णन झालं, यातून कोडं काही सुटत नाही. त्याच्या मते मागची वर्षं आखूड दिसतात त्याचं कारण आठवणींचा एकसुरीपणा. जेम्सचं हे म्हणणं सगळे विसरले, टक्केवारी मात्र लक्षात राहिली. आपल्याला टक्केवारी आवडते.

ठीक आहे, टक्केवारीच करू. प्रत्येक वर्ष १/वय इतकं जाणवतं असं धरलं, तर त्यांची बेरीज म्हणजे लॉगरिदम. म्हणजे ५ ते १०, १० ते २०, २० ते ४० आणि ४० ते ८० हे चारही टप्पे सारखेच लांब वाटायला हवेत. याचा अर्थ पाचव्या वर्षापासून मोजलं तर विसाव्या वर्षी तुमचं निम्मं आयुष्य वापरून झालं. ऐकायला भारी वाटतं. पण पाचव्याच वर्षापासून का? पहिल्या वाढदिवसापासून मोजा. मग निम्मा टप्पा ८० च्या वर्गमुळाशी येतो, म्हणजे साधारण नवव्या वर्षी. चौथीची परीक्षा व्हायच्या आत अर्धं आयुष्य खल्लास. आणि जन्मापासून मोजलं तर? शून्याचा लॉग. प्रोग्रॅम क्रॅश. ज्या फॉर्म्युल्याचं उत्तर मोजायला कुठून सुरुवात केली यावर एवढं डोलतं, तो साध्या कोड रिव्ह्यूमधे तरी पास होईल का?

दुसरं म्हणजे, कुठला माणूस आख्खं आयुष्य छेदस्थानी घेऊन बसलेला असतो? हिंजवडीच्या ट्रॅफिकमधे चाळीस मिनिटं अडकलेल्या पन्नाशीच्या माणसाला ती पंचविशीतल्या पोराच्या निम्मी वाटायला हवीत. जा, विचारून बघा त्यांना. (जरा लांबूनच विचारा.) डेंटिस्टच्या खुर्चीतही तेच. तिथे वय वाढलं म्हणून ड्रिल लवकर थांबल्यासारखं कुणाला वाटत नाही.

आणि मोजून काय निघालं? २००५ साली व्हिटमान आणि लेनहॉफ या दोघांनी जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या १४ ते ९४ वयाच्या ४९९ लोकांना विचारलं, की तुमचा वेळ किती वेगाने जातोय? गेला आठवडा, गेला महिना, गेलं वर्ष याबद्दल तरुण आणि म्हाताऱ्यांच्या उत्तरांत फारसा फरक नव्हता. बहुतेक सगळ्यांनाच वाटत होतं की वेळ भरभर चाललाय. गेल्या दहा वर्षांबद्दल विचारल्यावर वयाप्रमाणे थोडा फरक दिसला. २०१० साली फ्रीडमन आणि यान्सन यांनी नेदरलँड्समधल्या लोकांना तसेच प्रश्न विचारले. तिथेही वयाचा परिणाम छोटाच निघाला. उलट ज्याला सतत वाटतं की "हातात वेळच पुरत नाही", त्याचा काळ धावतो असं त्यांना दिसलं. म्हणजे प्रश्न जन्मतारखेपेक्षा कामाच्या यादीचा जास्त.

लॉकडाऊनचंच घ्या. एप्रिल २०२० मधे रूथ ऑग्डेन यांनी ब्रिटनमधल्या सहाशेच्या वर लोकांना विचारलं. ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक म्हणाले की आमच्या वेळेचा वेग बदललाय. दिवस संथ झाला असं कुणाला वाटत होतं? ज्यांचं वय जास्त, ज्यांना ताण जास्त, ज्यांच्या हाताला काम कमी आणि ज्यांच्या माणसांच्या गाठीभेटी तुटलेल्या, त्यांना. परत वाचा, वय जास्त असलेल्यांना! जानेसाहेबांच्या हिशोबाने त्यांचे दिवस तर भुर्रकन जायला हवे होते. आता बोला.

मग खरी भानगड काय आहे? भानगड अशी, की आपल्याकडे वेळ मोजायच्या दोन पद्धती आहेत आणि आपण त्या एकच समजतो. एक, वेळ जात असताना तो किती लांब वाटतो. दुसरी, गेल्यावर मागे वळून बघताना तो किती लांब दिसतो. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध असलाच तर उलटा असतो. चार दिवसांची झकास ट्रिप जाताना पटकन संपते, आणि घरी आल्यावर वाटतं की आपण महिनाभर बाहेर होतो. पावसाळ्यात ताप येऊन चार दिवस पडून राहिलो तर दिवस जाता जात नाही, पण महिन्याने ते चार दिवस आठवतही नाहीत.

"वर्ष कसं गेलं कळलंच नाही" हे वाक्य दुसऱ्या घड्याळाचं आहे. ते घड्याळ आठवणींवर चालतं. डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मधे याचा एक भन्नाट प्रयोग प्रसिद्ध केला. डॅलसमधे ३१ मीटरवरून लोकांना पाठीवर, दोरी न बांधता, खालच्या जाळ्यात पडू दिलं. लोक म्हणतात ना, अपघात होताना सगळं स्लो मोशनमधे दिसतं? तर आपलं पडणं दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा सरासरी ३६ टक्के जास्त वेळ चाललं असं त्यांना वाटलं. पण पडताना मनगटावर भराभर बदलणारे जे आकडे वाचायला दिले होते, ते नेहमीपेक्षा जास्त वेगात काही वाचता आले नाहीत. म्हणजे त्या क्षणी जग संथ झालंच नव्हतं. भीतीमुळे आठवण दाट भरली गेली, आणि नंतर ती दाट आठवण लांब वाटली.

आता उलटं टोक. मिशेल सिफ्र नावाचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ १९६२ साली घड्याळ न घेता आल्प्समधल्या स्कारासोन नावाच्या गुहेत जाऊन राहिला. अंधार, थंडी, ओल आणि सुमारे दोन महिने एकटा. १४ सप्टेंबरला त्याला सांगितलं की प्रयोग संपला, वर ये. त्याच्या हिशोबाने तेव्हा २० ऑगस्ट होता! पंचवीस दिवस गायब. मधे त्याला १ ते १२० आकडे सेकंदाला एक या वेगाने मोजायला सांगितलं होतं. दोन मिनिटांच्या कामाला त्याला पाच मिनिटं लागली. नंतर मुलाखतींत त्याने सांगितलं, की त्या अंधारात काल-परवा काय केलं तेच आठवायचं नाही. तेव्हा त्याचं वय होतं २३. फ्रेशर! "वय झालं" म्हणणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवावं. तेवीस वर्षांच्या पोराचे दोन महिन्यांत पंचवीस दिवस हरवू शकतात. त्यासाठी फक्त सगळे दिवस एकसारखे लागतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर मेंदू स्टोरेज वाचवतो. रन-लेंग्थ एन्कोडिंग आपण सगळेच शिकलोय. 'अ' हे अक्षर ओळीने दोनशे वेळा आलं, तर दोनशे अक्षरं कशाला साठवा? "२०० गुणिले अ" असं लिहिलं की झालं. ही अर्थात उपमा आहे, मेंदू काही झिप फाईल नाही. पण नमुना तोच. दोनशे कामाचे दिवस, तोच रस्ता, तीच खुर्ची, तोच स्टँडअप, तीच "एनी ब्लॉकर्स?" अशी विचारणा. साठवलं काय? एक दिवस, आणि शेजारी एक आकडा. चाळिशीनंतर आयुष्यातलं काय आठवतं असं विचारलं, तर लोक दहा ते तीस या वयातल्या गोष्टी जास्त सांगतात, हे कितीतरी अभ्यासांत दिसलंय. त्या काळात पहिल्यांदा घडणाऱ्या गोष्टी जास्त असतात हे त्याचं एक मोठं कारण मानतात. पहिलं हॉस्टेल, पहिला पगार, पहिला नकार. तिशीनंतर मेंदू बिघडत नाही हो, त्याला नवीन डेटाच येत नाही.

साधी टेस्ट घ्या. गेल्या मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही काय केलं? कॅलेंडर न उघडता सांगा. आता अकरावी-बारावीच्या मधली सुट्टी आठवा. कुठली लांब आहे?

इथे एक शहाणा म्हणेल, "मजेत वेळ पटकन जातो, मग काम पटकन जातंय हे चांगलंच की." नाही. दोन घड्याळं आहेत, म्हणजे चार शक्यता आहेत. जाताना पटकन, मागे लांब: ती ट्रिप. जाताना संथ, मागेही लांब: नव्या शहरातला पहिला महिना. जाताना संथ, मागे आखूड: लॉकडाऊन किंवा ताप. आणि चौथी, जाताना पटकन आणि मागेही आखूड. सगळ्यात वाईट सौदा. दिवस धावपळीत संपतो आणि मागे काही उरतही नाही. आपल्या व्यवसायाने तरुण माणसांना हा चौथा रकाना पगारासकट देऊ केलाय.

कसा ते बघा. लहानपणी वर्षाला गाठी होत्या. जूनमधे नव्या पुस्तकांचा वास आणि रेनकोट. मग श्रावण, गणपती, सहामाही, दिवाळीची सुट्टी, किल्ला, थंडीतलं गॅदरिंग, वार्षिक परीक्षा आणि मे महिन्यात आजोळ. प्रत्येक महिन्याचा चेहरा वेगळा. आता आपलं वर्ष कसलं? दोन-दोन आठवड्यांचे सव्वीस स्प्रिंट. चौदावा आणि पंधरावा यात काय फरक? बाहेर ऊन की पाऊस ते एसीत कळत नाही. क्लायंट दुसऱ्या खंडात, त्यामुळे सकाळ-संध्याकाळही आपली नाही. गणपती म्हणजे "ट्रॅडिशनल डे", कुर्ता घालून एक सेल्फी आणि साडेतीनला परत कॉल. एकच पंधरवडा सव्वीस वेळा बाराशे चौरस फुटांच्या एका हॉलमधे काढायचा, आणि वर म्हणायचं की वय झालं!

"मग आमच्या आयांचं काय?" हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. तीस-तीस वर्षं रोज पोळ्या. त्याहून एकसुरी काय असणार? खरंय, आणि त्यांची वर्षं कशी गेली हे कुणी विचारलंही नाही. त्या कष्टांना मी सोन्याचा मुलामा देणार नाही. पण त्यांच्या वर्षाला ज्या गाठी होत्या, त्या त्यांनी स्वतःच्या हाताने मारलेल्या होत्या. उन्हाळ्यात कुरडया-पापड, मग लोणचं, मग गौरी, फराळ, तीळगूळ. ज्याने हाताने कुरडया घातल्या त्याला त्या वर्षीचा अवकाळी पाऊस आठवतो. ज्याने ऑनलाईन मागवल्या त्याला ओटीपी आठवतो, तोही तीस सेकंदच. म्हणून पुरुषांनी गच्चीवर बसून कुरडया घालायला माझी काहीच हरकत नाही. किंबहुना त्यांचीच पाळी आहे.

दुसरा आक्षेप शरीराचा. वयाप्रमाणे मेंदूत बदल होतात हे कोण नाकारतंय? ड्यूकचे प्राध्यापक एड्रियन बेजान यांनी २०१९ मधे मांडलं, की वयाबरोबर मेंदू नव्या प्रतिमा कमी वेगाने टिपतो म्हणून दिवस छोटे वाटतात. असेलही काही हिस्सा. पण शरीर हळूहळू उतरतं, आणि आपल्यातले बहुतेक लोक "कळलंच नाही" म्हणायला लागतात ते नोकरी लागल्यानंतर चार-पाच वर्षांत. एवढ्या वेगाने म्हातारं फक्त लॅपटॉपचं मॉडेल होतं.

आता यावर बाजारात एक रेडिमेड उपाय मिळतो: फिरा! लडाख, बाली, व्हिएतनाम. फिरण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण हिशोब करा. वर्षात दहा दिवस फिरलात, बाकीच्या तीनशे पंचावन्न दिवसांचं काय? शिवाय मेंदू फिरण्यालाही दाबून बसवतो. पहिला लडाख आठवतो. लोणावळ्याचा सहावा रिसॉर्ट आठवत नाही, तोच बुफे, तोच स्विमिंग पूल, तोच डीजे. रील्सचं तर विचारूच नका. तासाभरात दोनशे नव्या गोष्टी बघितल्या आणि झोपताना एक सांगता येत नाही. नवेपणा ओतून चालत नाही, त्यात आपलं काहीतरी अडकावं लागतं. हात, लाज, चूक व्हायची भीती, समोरचा माणूस.

आणि इथे येतो खरा मुद्दा. ऑक्टोबर २०२३ मधे नारायण मूर्ती म्हणाले की देशातल्या तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. जानेवारी २०२५ मधे लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांचा व्हिडिओ फिरला. त्यात त्यांनी ९० तासांची भलामण केली, रविवारीही कामावर बोलवता येत नाही याची खंत व्यक्त केली, आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार असा सवालही टाकला. खूप मीम्स झाले. मग बीपी, डायबेटिस, प्रॉडक्टिव्हिटी यावर चर्चा झाल्या. मी फक्त वजाबाकी करतो. आठवड्याचे तास १६८. आठ तास झोप धरली तर ५६ गेले, उरले ११२. त्यातून ९० काढा. उरले २२, म्हणजे दिवसाला तीन तास आणि वर काही मिनिटं. त्यात अंघोळ, जेवण, प्रवास आणि संसार. ७० तासांच्या उदार योजनेत सहा तास.

याचा अर्थ फक्त दमणूक नाही. अर्थ असा, की आठवण तयार व्हायला जे लागतं तेच त्यात शिल्लक राहत नाही. सत्तर तासांचं वर्ष मागे वळून बघताना पंधरवड्याएवढं दिसणार. म्हणजे मोबदल्यात फक्त श्रम दिले असं समजू नका, ती वर्षंच दिलीत. ती सीटीसीमधे दाखवत नाहीत. ग्रॅच्युइटीत परत मिळत नाहीत.

सगळ्यात जास्त त्रास मला एका गोष्टीचा होतो. ज्यांच्या घरी पाच-सहा वर्षांचं मूल आहे त्यांच्या घरात एकाच वेळी दोन वर्षं चालू असतात. मुलीचं वर्ष प्रचंड असतं. त्यात पहिला दात पडतो, सायकलची मागची छोटी चाकं निघतात, मैत्रीण शाळा सोडून जाते, मांजर मरतं. त्याच घरात, त्याच भिंतींच्या आत, बापाचं वर्ष म्हणजे "ते मायग्रेशन चाललं होतं ना, ते वर्ष". तिच्या या लांबलचक वर्षात तो दाराआड हेडफोन लावलेला माणूस म्हणून साठवला जातोय. आणि ती मोठी झाल्यावर हाच बाप म्हणणार, "पोरं कशी मोठी झाली कळलंच नाही!" कसं कळणार साहेब? तुम्ही कॉलवर होतात.

मान्य, सगळ्यांना निवड नसते. ज्याच्या डोक्यावर ईएमआय आणि गावाकडे औषधपाणी आहे त्याला मी "राजीनामा फेक" म्हणणार नाही. आणि आपल्या सोसायटीच्या गेटवर बारा-बारा तास उभा राहणारा वॉचमन तर या चर्चेत येतच नाही, त्याचं वर्ष तर आपण फुकटात दाबून बसवतो. पण हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना निवड आहे, आणि ते ती वापरत नाहीत, कारण बिझी असणं ही आपल्याकडे प्रतिष्ठा झालीय. "श्वास घ्यायला वेळ नाही रे" हे आपण तक्रार म्हणून सांगत नाही, मिरवतो.

करायचं काय? योग, सात सवयी, पहाटे पाचला उठणं वगैरे माझ्याकडे काही नाही. तीन बारक्या गोष्टी आहेत. एक, अशी एखादी गोष्ट शिका ज्यात तुम्ही ठार ढ आहात आणि जी शिकवणारा माणूस समोर बसलेला असेल. तबला, पोहणं, सुतारकाम, कन्नड, काहीही. ढ असणं आठवणीला फार पोषक असतं. दोन, रोज रात्री एक ओळ लिहा, आज कालच्यापेक्षा वेगळं काय होतं. चार रात्री ओळ सुचली नाही तर तुम्ही गुहेत आहात हे आपोआप कळेल. तीन, आणि ही सगळ्यात अवघड: कामाचे तास संपले की संपले म्हणा. एकट्याने म्हटलं तर अप्रेझलमधे मार बसतो, म्हणून टीममधल्या चौघांनी मिळून म्हणा. रात्री साडेनऊच्या कॉलला चौघंही नसतील तर तो कॉल सकाळी होतो. जग बुडत नाही. फार तर कुणाच्या तरी एक्सेल शीटमधला एक सेल लाल होतो.